प्रेसिडेंटच्या पोटात टॅक्सी

आमच्या गाडीला कुणी ‘पद्मिनी’ म्हटलं की मी लगेच दुरुस्ती करतो. गाडीची नव्हे, म्हणणाऱ्याची. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. आमची गाडी १९७३ची, म्हणजे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’. त्याआधी हीच गाडी ‘फियाट अकराशे डिलाइट’ म्हणून विकली जायची. पत्रा तोच, १०८९ सीसीचं इंजिन तेच, कुर्ल्याचा कारखाना तोच. नाव तेवढं बदलत गेलं. पण खानदानी माणसाकडं नावाशिवाय दुसरं असतं काय? मी गाडीबद्दल बोलायला लागलो की सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून सुरुवात करतो, आणि १९४४ साली त्यांची प्रीमियर कंपनी निघाली इथवर येईतो समोरचा रिक्षात बसून गेलेला असतो.

२०२३ मध्ये गाडीला पन्नास वर्षं झाली. केंद्र सरकारनं २०२१ साली नियम काढलाय : पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरू शकते. मी तो नियम छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून, गाडीच्या सर्व्हिस फाइलला पहिल्या पानावर लावला. आणि त्याच पावसाळ्यात, वाघबिळाच्या चढावर, प्रेसिडेंटनी राजीनामा दिला. एक कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, आणि पन्हाळ्याला झुणका-भाकरी खायला निघालेलो आम्ही चौघं ट्रॅक्टरमागं दोरी बांधून कोल्हापुरात परतलो.

‘‘खिडकी पडलीय ब्लॉकला,’’ मामा म्हणाला. ‘‘हवेशीर झालंय. आता दुसरं इंजिन बघ.’’

मामा माझ्याच वर्गातला. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं, आणि शाळेत असल्यापासून सगळे त्याला मामाच म्हणतात; का, ते त्यालाही आठवत नाही. दुसरा डॉक्टर, हाडांचा. तिसरे सर, फिजिक्सचे. चौथा मी, मालक. ही कामाची वाटणी शेवटपर्यंत तशीच राहिली.

दुसरं इंजिन म्हटल्यावर मी घाईनं फाइल उघडली. त्या नियमात पुढं असं आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आणखी पुढं असंही आहे की व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, झालंच तर पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यापुरतीच. म्हणजे नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी मोजून मंडईत जायची बंदी विकत घ्यायची. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली गाडी. तिच्यातनं आईची डायलिसिसची येजा झालीय. आणि कागद म्हणतो, तिला मान पाहिजे असेल तर उभी करा. मला खरंच राग आला. गाडीची कदर करायची म्हणजे तिला गाडीचं काम करू द्यायचं नाही, हा न्याय ज्यानं लिहिला त्यानं एकदा तरी पावसात ढकलून गाडी चालू केली असेल का?

असो. इंजिन मिळालं ते कुर्ल्यातच. जिथं गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात, भंगाराच्या गल्लीत. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, आणि पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ मधली. म्हणजे २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. आम्हाला दुकानदारानं फोनवर सांगितलं, ‘‘टॅक्सीचं आहे, पण चालू कंडिशन.’’

मी दबक्या आवाजात विचारलं, ‘‘एखाद्या घरगुती गाडीचं नाही का मिळणार? एकहाती?’’

खोटं कशाला बोलू, स्थळं बघताना आमच्या आत्या जो आवाज काढायच्या तोच माझ्या घशातनं निघाला. मुलगा चांगला आहे हो, पण घराणं? दिवसाला दोन पाळ्यांत राबलेलं, सीएनजीवर वाढलेलं, मीटरच्या तालावर पळालेलं इंजिन आमच्या प्रेसिडेंटच्या पोटात? डॉक्टर शेजारीच बसला होता. तो म्हणाला, ‘‘ऑपरेशनला रक्ताची बाटली लावतो तेव्हा एकही पेशंट मला विचारत नाही, कुणाचं आहे म्हणून. आणि ज्यांना शुद्धीत असताना ते विचारायची सवय होती, तेही विचारत नाहीत.’’ मी दुकानदाराला म्हटलं, पाठवा.

आता खरं काम. ते मामानं केलं. पाणी आणि ऑइल सोडलं, बॉनेट उतरवलं, रेडिएटर काढला, वायरींना कापडाच्या चिंध्यांच्या खुणा बांधल्या, लोखंडी पाइपांच्या तिकाटण्याला चेनकप्पी अडकवली, आणि जुनं इंजिन वर आलं. माझ्याकडं बॅटरी धरायचं काम होतं.

या कामाबद्दल जगात फार गैरसमज आहेत. लोकांना वाटतं, त्यात काय, बटण दाबलं आणि धरली. पण बॅटरी धरणाऱ्याचा उजेड नेहमी तो स्वतः बघत असतो तिथं पडतो, काम करणारा बघतो तिथं पडत नाही. यात त्याचा दोष नाही. त्यालाही कुतूहल असतंच की. मामा खाली बेल हाउसिंगचा बोल्ट चाचपत असायचा आणि मी वर चॅसी नंबर वाचत असायचो. ‘‘आभाळात काय शोधालायस?’’ हा मामाचा प्रश्न मला नवा नव्हता. वडील बॉनेटमध्ये वाकले की हातात बॅटरी मीच धरायचो, आणि तेही हेच विचारायचे, फक्त पुण्याच्या भाषेत. शिवाय बॅटरी कुठल्या हातात धरायची, मधेच अंगावर डास बसला तर उजेड न हलवता तो कसा मारायचा, मालक असूनही ‘‘जरा डावीकडं’’ला ‘‘हो’’ कसं म्हणायचं, याला रियाझ लागतो. मोबाइल आल्यापासून या कलेचा ऱ्हास झालाय. फोन आला की उजेड थेट कानाला लागतो, आणि खालचा माणूस अंधारात नट शोधत शिव्या देतो. सरांनी तर एकदा कपाळाला बांधायची बॅटरी आणली, जिचा उजेड माणूस बघेल तिथंच पडतो. विज्ञानाच्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नव्हती. ती मी पान्यांच्या पेटीत अगदी तळाशी ठेवून दिली. प्रत्येकाला आपली नोकरी वाचवावी लागते.

एक मात्र सांगतो. मामाच्या हाताला अलीकडं कापरं भरतं. पाना नटावर बसेपर्यंत तो थरथरतो. एकदा बसला की हात थांबतो, एसटीच्या काळात होता तसाच. त्या मधल्या क्षणाला मी उजेड हलू देत नाही. डॉक्टरनं मला एकदाच डोळ्यांनी काहीतरी सांगितलं, आणि त्यावर आम्ही बोललो नाही.

नव्या इंजिनाचं हेड उद्यमनगरात नेलं. सीएनजीवर चाललेलं असल्यामुळं व्हॉल्व्हच्या सीटा खाल्ल्या गेल्या होत्या, त्या बदलल्या. हेड फेस करून घेतलं. बोअर मात्र चांगला निघाला, याचं मला उगाचच वाईट वाटलं. इंजिन खाली सोडताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटमध्ये जाईना. मामानं जुन्या खुरप्याचा दांडा तासून, त्याला टेप गुंडाळून प्लेट मधोमध आणली, सरांनी कोन सांगितले, डॉक्टरनं खाली पडून इंजिनाला खांदा दिला. ‘‘हिप बदलताना बरं असतं,’’ तो खालून म्हणाला, ‘‘पेशंट भुलीत असतो आणि मालक बाहेर बसतो.’’

टॅपेट सेट करायला मामानं वरचं झाकण काढलं आणि उलटं करून माझ्यापुढं धरलं. आतल्या बाजूला खिळ्यानं बारीक ओरखडे होते. नीट पाहिलं तर महिने आणि सालं. एकाखाली एक, रांगेनं. कधी टॅपेट सेट केले त्याच्या नोंदी. एकही दिवाळी चुकलेली नव्हती. शेवटची नोंद त्या वीस वर्षांच्या मुदतीच्या अगदी तोंडावरची. पुढच्या महिन्यात गाडी भंगारात जाणार हे माहीत असलेल्या माणसानं फीलर गेज घेऊन आठही व्हॉल्व्ह तपासले होते.

‘‘मालकाचं काम न्हवं हे,’’ मामा म्हणाला. ‘‘मालक फाइल करतोय. डायव्हर कोरतोय.’’

माझी फाइल तेव्हा बाकावर होती, प्लॅस्टिकमध्ये. सरांनी त्यावर चहाचा पेला ठेवला होता; मी उचला म्हटलं नाही. मामानं त्या रांगेखाली नवा महिना कोरला आणि झाकण बसवलं.

गाडी चालू व्हायला नखरे झालेच. कार्बोरेटरमधून असा बार निघाला की समोरच्या वाड्यातल्या काकूंनी वाळत घातलेले पापड आत नेले. सरांनी एक-तीन-चार-दोन असा जप करत प्लगच्या वायरी पुन्हा लावल्या, आणि प्रेसिडेंट टॅक्सीच्या आवाजात बोलायला लागली. आवाज खरंच वेगळा आहे. जुनं इंजिन खाकरून बोलायचं. हे सरळ विषयाला हात घालतं.

पहिली फेरी कुणी मारायची यावर मतभेद नव्हते. मला विचारलंच नाही. पुढं सलग बाक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळं तिघं आरामात मावतात. मामा, डॉक्टर, सर पुढं बसले. मी मागं, एकटा, मांडीवर फाइल घेऊन.

मामानं आरसा सरळ केला. ‘‘कुठं सोडायचं, साहेब?’’

‘‘आरटीओ,’’ मी म्हणालो. ‘‘इंजिन नंबर आरसी बुकात चढवायचाय.’’

‘‘तिकडं न्हाई जाणार,’’ मामा म्हणाला, आणि गाडी मिसळीकडं वळवली.