चहापानाचं प्रकाशशास्त्र

प्रकाशावर संशोधन करणारी माणसं दिवसाचे बरेच तास अंधारात काढतात, हे बाहेरच्यांना सांगितलं तर त्यांना थट्टा वाटते. पण फोटॉनिक्सची प्रयोगशाळा म्हणजे खिडक्यांना काळे पडदे, दारावर लाल दिवा, भिंतीवर लेसरपासून जपून राहण्याची पाटी आणि आत टेबलावर ओणवी झालेली एकदोन मुलं. डिटेक्टरला बाहेरचा उजेड खपत नाही. लेसर पुष्कळदा इन्फ्रारेड असतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पण डोळे घालवू शकणारा. म्हणून चेहऱ्यावर रंगीत काचांचा जाडजूड गॉगल. त्यातून पाहिलं की शेजारी उभा असलेला इसम आपल्याच लॅबमधला आहे की एसी दुरुस्त करायला आलेला, हे आवाजावरूनच कळायचं. अशा वातावरणात पीएच.डी.ची पहिली दोनतीन वर्षं काढल्यावर माणूस मितभाषी होतो. बोललाच तर स्वतःशी, फार तर व्हॅक्यूम पंपाशी.

आणि मग एके दिवशी गाइड म्हणतात, "अरे, जरा चार लोकांत मिसळायला शीक. अमुक ठिकाणी स्कूल आहे, अर्ज कर."

संशोधनात नुकतंच पाऊल टाकलेल्यांसाठी असे मेळावे जगभर भरतात. सकाळी नामवंतांची व्याख्यानं, दुपारी प्रात्यक्षिकं, संध्याकाळी पोस्टर. आणि या सगळ्याच्या मधोमध, वेळापत्रकात ठळक अक्षरांत, 'नेटवर्किंग' नावाचा एक तास. व्याख्यानात डुलकी लागली तर कुणाचं बिघडत नाही, पोस्टरपाशी निदान पोस्टर तरी असतं. या तासाला मात्र हातात कप आणि समोर अनोळखी माणूस, एवढंच भांडवल.

ज्यांनी हा तास पाहिला नाही त्यांनी मंगल कार्यालयातला वधू-वर मेळावा डोळ्यांसमोर आणावा. इथेही छातीवर नाव लावलेलं असतं, हातात बायोडेटा असतो आणि चेहऱ्यावर 'मी सहज आलोय' असा भाव असतो. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेच्या, शोधात असलेली मुलं एका बाजूला, प्राध्यापक आणि कंपन्यांची माणसं दुसऱ्या बाजूला. अपेक्षा दोन्हीकडून स्पष्ट: सिलिकॉन फोटॉनिक्सचा अनुभव हवा, प्रोग्रॅमिंग येत असल्यास उत्तम, स्वतःची फेलोशिप घेऊन येणाऱ्यास प्राधान्य. ज्यांचं आधीच कुठेतरी जमलेलं आहे ते निवांतपणे समोसे खात असतात.

गळ्यातल्या बॅजचा एक स्वभाव आहे. तो कधीही नाव दाखवत उभा राहत नाही, पाठ फिरवून लोंबतो. त्यामुळे समोरच्याची नजर आधी आपल्या पोटाच्या आसपास घुटमळते आणि बॅज सरळ झाला की पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाते. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत संस्था. दुसरी ओळ फारशी वजनदार नसेल तर ती नजर हळूच आपल्या खांद्यावरून मागे, प्राध्यापकांच्या घोळक्याकडे सरकते. यात दुष्टावा नसतो. तोही बिचारा नोकरीच शोधत असतो.

आता यासाठी प्रशिक्षणही मिळतं. आपलं काम तीस सेकंदांत कसं सांगावं, यावर कार्यशाळा होतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली अख्खा प्रबंध तीन मिनिटांत सांगण्याची स्पर्धा सुरू केली आणि ते लोण बघता बघता जगभर पसरलं. चार वर्षांचं काम तीन मिनिटांत बसतं हे कळल्यावर उरलेल्या वेळाचं आपण काय केलं, असा प्रश्न काही मुलांना पडतो. आपल्याकडची पंचाईत वेगळी. 'आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये' हे बाळकडू पिऊन वाढलेला मुलगा तीस सेकंदांपैकी पहिली दहा "तसं फार काही नाही, पण..." यात घालवतो. पुढची दहा गाइडच्या कौतुकात जातात. उरलेल्या दहांत मुख्य निष्कर्ष यायला लागतो तोच व्याख्यानाची घंटा होते.

मराठी मुलं एकमेकांना सापडतात ती मात्र घंटेच्या आधी, कॉफीच्या रांगेत. कुणीतरी कपात डोकावून "काय हे पाणचट!" असं पुटपुटतो आणि मागून आवाज येतो, "तुम्ही पण का?" मग संशोधनाचा विषय बाजूला राहतो आणि "गाव कुठलं?" इथून सुरुवात होते. या प्रश्नाला हसू नये, एखादेवेळी त्यातून विज्ञानही निघतं. बारामतीचं नाव काढलं की आपल्याला एका वेगळ्याच प्रकारचं नेटवर्किंग आठवतं. पण चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते स्टॅनफर्डला गेले, तिथून बेल लॅब्जमध्ये, आणि १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. पोलादी पत्रे कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत आजही हा लेसर राबतो आहे. तेव्हा 'गाव कुठलं?' याला उत्तर 'बारामती' असं आलं, तर पुढचा प्रश्न जपून विचारावा.

ठरवून केलेल्या गाठीभेटींतून विज्ञान पुढे जातं का, हे लेसरच्याच जन्मकथेत पाहावं. १९५१ च्या वसंत ऋतूत भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स टाउन्स वॉशिंग्टनला एका समितीच्या बैठकीसाठी गेले होते. मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरी कशा निर्माण करायच्या याचा विचार करणारी ही समिती. बैठकांवर बैठका होऊन हाती काही लागलं नव्हतं. हॉटेलच्या खोलीत सोबत त्यांचे सहकारी आर्थर शालो होते आणि ते गाढ झोपेत होते. त्यांची झोपमोड नको म्हणून टाउन्स भल्या सकाळी बाहेर पडले, फ्रँकलिन पार्कमधल्या बाकावर जाऊन बसले, आणि मेसरची कल्पना त्यांना तिथे सुचली. खिशातल्या लिफाफ्याच्या पाठीवर त्यांनी आकडेमोड केली. मेसर हा लेसरचा थोरला भाऊ. त्याचा जन्म समितीच्या टेबलावर झाला नाही, पण समिती नसती तर टाउन्स त्या बाकापर्यंत पोचलेही नसते. संयोजकांनी हे श्रेय घ्यायला हरकत नाही. आणि झोपलेले शालो? त्याच वर्षी टाउन्स यांच्या धाकट्या बहिणीशी त्यांचं लग्न झालं. पुढे १९५८ मध्ये या मेहुण्या-मेहुण्यांनी मिळून लेसरचा पाया घालणारा शोधनिबंध लिहिला आणि दोघांनाही नोबेल मिळालं, टाउन्स यांना १९६४ मध्ये, शालो यांना १९८१ मध्ये. मघाशी मी वधू-वर मेळावा म्हणालो, तो अगदीच हवेतला नव्हता.

याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. कोलंबिया विद्यापीठात टाउन्स प्राध्यापक असताना गॉर्डन गूल्ड नावाचा एक विद्यार्थी तिथेच पीएच.डी. करत होता. १९५७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर दोघांचं प्रकाश वापरून अणू उद्दीपित करण्याविषयी बोलणं झालं. गूल्ड यांच्याही डोक्यात तेच घोळत होतं. त्यांनी आपल्या कल्पना वहीत भराभरा उतरवल्या, 'लेसर' हे नावही त्याच वहीत लिहिलं, आणि वही उचलून एका गोळ्या-चॉकलेटच्या दुकानदाराकडे गेले. तो दुकानदार नोटरीही होता. त्याच्याकडून पानांवर सही-शिक्के घेतले. पेटंटचा अर्ज करायला मात्र त्यांनी उशीर केला आणि मग जवळजवळ तीस वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. त्यांना पहिलं महत्त्वाचं पेटंट मिळालं ते १९७७ मध्ये. पीएच.डी. राहून गेली ती गेलीच. म्हणून नव्या मुलांना सांगावंसं वाटतं की मोकळेपणाने बोला, पण लॅबची वही तारखेनिशी लिहीत चला. नोटरी हल्ली चॉकलेटच्या दुकानात बसत नाहीत.

माणसं खऱ्या अर्थाने जवळ येतात ती मला दुपारच्या प्रात्यक्षिकात दिसतात. तिथलं एक नेहमीचं काम म्हणजे लेसरचा झोत सिंगल-मोड फायबरमध्ये, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूत, घालणं. सांगायला सोपं. फायबरचा गाभा केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक, त्याच्या तोंडावर झोत नेमका बसला पाहिजे आणि शिवाय नेमक्या कोनातून आत शिरला पाहिजे. त्यासाठी दोन आरसे, प्रत्येक आरशाला दोन स्क्रू. एक स्क्रू केसभर फिरवला की पलीकडच्या टोकाला ठेवलेल्या पॉवर मीटरवरचा आकडा धाडकन खाली येतो. नवखा मुलगा घाबरून स्क्रू परत जागेवर नेतो आणि तिथेच अडकतो. जाणता सांगतो, "पडू दे आकडा. आता दुसरा आरसा फिरव." दुसऱ्या आरशाने भरपाई केली की आकडा पूर्वीपेक्षा वर चढतो. मग पुन्हा पहिला बिघडवायचा, पुन्हा दुसऱ्याने सावरायचा.

हे काम एकट्याने करणं जिवावर येतं. एकाचे हात स्क्रूवर, दुसऱ्याचे डोळे मीटरवर. "वाढतोय... वाढतोय... थांब, गेला! मागे घे." सकाळी कॉफीच्या टेबलाशी ज्यांना एकमेकांशी 'हॅलो'च्या पलीकडे शब्द सुचत नव्हता, ती नागपूरची मुलगी आणि तो नैरोबीचा मुलगा दोन तासांत एकमेकांवर खेकसायला लागलेले असतात. फायबरचं टोक नीट कापलेलं नव्हतं हे शेवटी लक्षात येतं, मग दोघं मिळून फायबरला, कटरला आणि ज्याने आधी ते वापरलं त्याला बोल लावतात. आकडा एकदाचा मनासारखा येतो तेव्हा दोघंही श्वास रोखून उभे असतात, कारण टेबलाला धक्का लागला तर सगळं मुसळ केरात. इतकं झाल्यावर बॅज बघायची गरज उरत नाही. पुढे दोन वर्षांनी प्रयोग अडला की ती त्यालाच मेल करते. ज्याच्यापुढे आपला अडाणीपणा उघडा पडून गेला आहे त्याला विचारायला लाज वाटत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

पण एवढा खर्च करून, व्हिसाच्या रांगा लावून, आधी स्वतःच्या खिशातून तिकीट काढून आणि मग परताव्याची वाट पाहत या मुलांनी जायचं कशाला? सगळी व्याख्यानं घरबसल्या ऐकता येतात की! याचं उत्तर पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्या आयुष्यात आहे. केंब्रिजला नाव कमावून ते १९५१ साली लाहोरला परतले. तिथे त्यांच्या विषयावर चार शब्द बोलायला माणूस नव्हता. कॉलेजने त्यांना शिकवण्याखेरीज आणखी एक जबाबदारी घ्यायला सांगितलं: वसतिगृहाची देखरेख, हिशेब किंवा फुटबॉल क्लब. त्यांनी फुटबॉल निवडला. त्याच सुमारास नामवंत भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली मुंबईला आले होते. त्यांचा निरोप आला तसे सलाम लाहोरहून मुंबई गाठून त्यांना भेटून आले. परतल्यावर, विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल त्यांनाच जाब विचारण्यात आला. १९५४ मध्ये त्यांनी देश सोडला आणि केंब्रिज गाठलं. देश की विज्ञान, ही निवड पुढच्या मुलांवर लादली जाऊ नये, म्हणून त्यांनी १९६४ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते शहरात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं केलं. गरीब देशांतल्या संशोधकांनी अधूनमधून इथे यावं, समविचारी माणसांत राहून ताजंतवानं व्हावं आणि आपल्या देशात परत जाऊन काम करावं, ही त्यामागची कल्पना. स्वतः सलाम यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं.

त्याच केंद्रात हिवाळ्यात ऑप्टिक्सचं स्कूल भरतं. समोर एड्रियाटिक समुद्र, शेजारी मिरामारेचा किल्ला, आणि बोरा नावाचा वारा असा की एके काळी पादचाऱ्यांना धरून चालता यावं म्हणून त्रिएस्तेच्या रस्त्यांवर दोर बांधत. शहर कॉफीच्या व्यापाराचं जुनं बंदर, त्यामुळे पाणचट कॉफीची तक्रार निदान तिथे तरी करता येत नाही. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतून आलेली मुलं तिथे एका टेबलाशी बसतात. त्यातल्या कित्येकांच्या विद्यापीठात या विषयाचं दुसरं माणूस नसतं. त्यांना व्याख्यानाचा व्हिडिओ पुरत नाही, कारण व्हिडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि तो आपल्यावर खेकसतही नाही.

तेव्हा संयोजकांना एकच विनंती: नेटवर्किंगचा तास अर्ध्यावर आणा आणि वाचलेला वेळ प्रात्यक्षिकाला द्या. दोन अनोळखी मुलांमध्ये एक बिघडलेलं उपकरण ठेवा, पुढचं ती बघून घेतील. आणि गाइड मंडळींना सांगणं आहे की मुलांना पाठवा. निबंध थोडा उशिरा गेला तरी चालेल, लेसर चार दिवस बंद राहिला तर उलट जास्त टिकेल. रजेच्या अर्जावर सही करताना लाहोरच्या त्या कॉलेजची आठवण ठेवा, आणि परत आल्यावर जाब विचारायचाच असेल तर एवढंच विचारा, "कोण कोण भेटलं?"