पसंतीक्रम कुणाचा?

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या महिला फुटबॉलपटूंच्या संघटनेने एनडब्ल्यूएसएल या लीगशी नवा सामूहिक करार केला. त्यातल्या एका कलमाने कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलींच्या पायातली बेडी तोडली. ड्राफ्ट रद्द. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक लीगने हे आधी केलेलं नव्हतं. बास्केटबॉलने नाही, बेसबॉलने नाही, आणि ज्यांच्या ड्राफ्टचा सोहळा तीन दिवस टीव्हीवर चालतो त्या अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी तर नाहीच. मुलींनी करून दाखवलं.

ड्राफ्टमध्ये व्हायचं ते असं. बहुतेक वर्षी जानेवारीत क्लब ओळीने बसत आणि एकेका कॉलेज खेळाडूचं नाव पुकारत. ज्याने नाव घेतलं, त्या लीगपुरता तिच्यावर त्याचाच हक्क. शहर कुठलं, प्रशिक्षक कोण, घर किती लांब, यातलं काहीही तिला विचारलं जात नसे. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला निदान पसंतीक्रमाचा फॉर्म तरी भरता येतो. इथे फॉर्मच नव्हता.

या पद्धतीचं समर्थन वर्षानुवर्षं एकाच वाक्यात व्हायचं: तळाच्या क्लबला चांगली खेळाडू आधी मिळते, त्यामुळे लीगमध्ये समतोल राहतो. समतोल हवा, मान्य. पण त्याचं ओझं बावीस वर्षांच्या मुलीने का वाहायचं? क्लबच्या एकूण पगारखर्चावर लीगने मर्यादा घातलेलीच आहे. मालकांनी आपसात समतोल राखावा. एखादा क्लब नीट चालवता येत नसेल, तर त्याची भरपाई म्हणून एका मुलीच्या उमेदीची वर्षं देणं हा न्याय नाही.

आणि हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. सिनेड फॅरेलीचं उदाहरण घ्या. व्हर्जिनिया विद्यापीठातून ती बाहेर पडली आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये, त्या वेळच्या डब्ल्यूपीएस लीगमध्ये, दुसऱ्या क्रमांकावर निवडली गेली. फिलाडेल्फियाच्या क्लबने तिचं नाव पुकारलं. तिथे प्रशिक्षक होते पॉल रायली. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, फॅरेली आणि आणखी एक खेळाडू मॅना शिम या दोघींनी ‘द अ‍ॅथलेटिक’ या क्रीडा वृत्तस्थळावरच्या वृत्तान्तात रायली यांच्यावर लैंगिक जबरदस्तीचे आरोप जाहीरपणे केले. रायली यांनी त्यातले बहुतेक नाकारले. तेव्हाच्या त्यांच्या क्लबने त्यांना लगेच काढलं. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये, चौकशीसाठी नेमलेल्या सॅली येट्स यांचा अहवाल आला. खेळाडूंचा छळ हा एकट्यादुकट्या माणसाचा प्रकार नाही, तो व्यवस्थेत मुरलेला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. जानेवारी २०२३ मध्ये रायली यांच्यासह चार प्रशिक्षकांवर लीगने कायमची बंदी घातली. फॅरेलीचा खेळ मधली अनेक वर्षं सुटला होता. २०२३ मध्ये ती परतली आणि आयर्लंडकडून विश्वचषक खेळली.

ड्राफ्टमुळे छळ झाला, असं मी म्हणत नाही. पण निवडीचा हक्क नसलेल्या मुलीला नकाराचाही हक्क उरत नाही, हे कुणी नाकारू शकेल का? जिथे पाठवलं तिथे जा, नाही तर या लीगमध्ये खेळू नकोस. अशा कोंडीत पहिली तक्रार करायला कुठली मुलगी धजावेल? नव्या करारात ड्राफ्टबरोबर आणखी एक गोष्ट गेली: खेळाडूच्या संमतीशिवाय तिची दुसऱ्या क्लबशी अदलाबदल. या दोन्ही गोष्टी खेळाडूंनी वाटाघाटीच्या टेबलावर बसून मिळवल्या. त्यांच्या संघटनेच्या प्रमुख मेगन बर्क स्वतः गोलरक्षक होत्या.

आता कॉलेजकडे वळू, कारण तिथला गुंता वेगळा आहे. १९७२ साली ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना समान संधी देणं भाग पडलं. पुढच्या दशकांत कॉलेजांनी मुलींचे फुटबॉल संघ उभे केले, शिष्यवृत्त्या दिल्या. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अ‍ॅन्सन डॉरन्स यांच्या हाताखाली मिया हॅम घडली. अमेरिकेने १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक जिंकले, त्यामागे ही कॉलेजं होती. व्यावसायिक लीग मात्र कोलमडत राहिल्या. एक २००१ ते २००३ टिकली, दुसरी २००९ मध्ये सुरू होऊन २०१२ मध्ये बंद पडली. २०१३ मध्ये आताची लीग आली. त्या वर्षी किमान पगार किती होता? हंगामाला सहा हजार डॉलर. विश्वचषक जिंकणाऱ्या देशात पदवीधर मुली व्यावसायिक फुटबॉल खेळत होत्या आणि परक्या कुटुंबाने दिलेल्या खोलीत राहत होत्या, कारण भाडं परवडत नव्हतं.

हे आठवायचं कारण आहे. हल्ली मुली कॉलेज अर्ध्यात सोडून किंवा कॉलेजात पाऊलही न ठेवता व्यावसायिक होतात, तेव्हा शिक्षणाची काळजी करणारे आवाज एकदम मोठे होतात. सहा हजार डॉलरवर पदवीधर मुली राबत होत्या तेव्हा हे आवाज कुठे होते? ड्राफ्ट सहसा जानेवारीत व्हायचा, क्लबचं शिबिर त्यानंतर काही आठवड्यांत भरायचं आणि शेवटचं सत्र संपायचं मे-जूनमध्ये. पदवी आणि नोकरी एकमेकांवर आदळत होत्या, त्याचं वाईट किती जणांना वाटलं?

तीन मुली पाहा. नेओमी गिर्मा, इथिओपियाहून आलेल्या आईवडिलांची सॅन होजेतली लेक, स्टॅनफर्डमध्ये शिकली, तिथे २०१९ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सॅन दिएगोने तिला पहिल्या क्रमांकावर घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने तिच्यासाठी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजली. महिला फुटबॉलमध्ये हा आकडा त्याआधी कुणीच ओलांडला नव्हता. ट्रिनिटी रॉडमनने वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला, कोविडमुळे हंगाम पुढे गेला, आणि कॉलेजचा एकही सामना न खेळता ती २०२१ मध्ये अठराव्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर निवडली गेली. पुढच्याच वर्षी तिला चार वर्षांचा अकरा लाख डॉलरचा करार मिळाला. अलिसा थॉम्प्सनने स्टॅनफर्डला होकार कळवला होता. २०२३ मध्ये ती शाळेतूनच थेट लॉस एंजेलिसच्या क्लबात गेली. यातली कुठली वाट बरोबर? माझ्या मते तिन्ही. ज्या वयात ज्या मुलीची जेवढी तयारी होती, तेवढं तिने उचललं.

कॉलेज लवकर सोडण्यामागे खेळाचंही ठोस कारण आहे. कॉलेजचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो. आठवड्याला अनेकदा दोन सामने, मग कित्येक महिने खरी स्पर्धाच नाही. त्याच वयाची स्पॅनिश किंवा फ्रेंच मुलगी जवळजवळ वर्षभर क्लबात खेळत असते. अमेरिकेच्या मुलींना हा फरक कळतो. लिंडसे होरानला २०१२ मध्येच कळला होता. नॉर्थ कॅरोलायनाची शिष्यवृत्ती नाकारून ती अठराव्या वर्षी पॅरिस सेंट जर्मेनला गेली. ऑलिव्हिया मोल्ट्रीला तर कोर्टात जावं लागलं. अठरा वर्षांखालच्या मुलींना लीगची दारं बंद होती, त्याविरुद्ध तिने २०२१ मध्ये दावा लावला आणि पंधराव्या वर्षी पोर्टलंडकडून मैदानात उतरली. मुलगे त्या वयात करार करत होते. मग मुलींना मज्जाव कशासाठी होता, याचं पटणारं उत्तर लीगला देता आलं नाही.

ड्राफ्ट गेल्यावर श्रीमंत शहरांचे क्लब सगळ्या चांगल्या मुली पळवतील, ही भीती खोटी नाही. समुद्रकिनारा, हवामान, जाहिरातीचा पैसा यांचं आकर्षण राहणारच. पण कॅन्सस सिटीकडे बघा. तिथे यातलं काहीच नाही. तिथल्या मालकांनी मार्च २०२४ मध्ये साडेअकरा हजार आसनांचं स्टेडियम उघडलं, महिलांच्या व्यावसायिक संघासाठी मुद्दाम बांधलेलं. मुली यायला हव्यात तर असं काही उभारा. चांगलं मैदान, चांगला फिजिओ, माणसासारखा वागणारा प्रशिक्षक यांवर क्लबांची चढाओढ होऊ दे. ड्राफ्टने त्यांना या मेहनतीतून सुटका दिली होती.

मला काळजी आहे ती पहिल्या पाचांत नसलेल्या मुलीची. अमेरिकेत पहिल्या श्रेणीच्या तीनशेहून अधिक कॉलेजांचे महिला संघ आहेत. २०२४ च्या शेवटच्या ड्राफ्टमध्ये नावं पुकारली गेली छप्पन्न. त्यातही नाव पुकारलं म्हणजे करार मिळाला असं नव्हतं. अनेक जणी शिबिरातूनच परत जात. नव्या करारात किमान पगार २०२५ साठी साडेअठ्ठेचाळीस हजार डॉलर ठरला, तो २०३० पर्यंत साडेब्याऐंशी हजारांवर जाईल. हे मोठं पाऊल आहे. पण साधारण गुणवत्तेच्या मुलीला आता स्वतःच क्लबांचे दरवाजे ठोठावायचे आहेत, एजंट शोधायचा आहे, कराराची कलमं समजून घ्यायची आहेत. तिला मदत कोण करणार? संघटनेने आणि कॉलेजांनी मिळून हे काम अंगावर घ्यायला हवं. चार वर्षं विद्यापीठाचं नाव छातीवर मिरवणाऱ्या मुलीला शेवटच्या सत्रात एक वकील मिळवून देणं विद्यापीठाला जड नाही.

आपणही आरशात बघू. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत क्रिकेटच्या महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. सांगलीच्या स्मृती मानधनाला तीन कोटी चाळीस लाख मिळाले, आपण टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या योग्यच होत्या. तिला कुठल्या संघाकडून खेळायचं होतं, हे मात्र आपण विचारलं नाही. लिलावात तो प्रश्नच नसतो.

न्यू जर्सीत, बे एरियात, टेक्ससमध्ये अनेक मराठी घरांच्या शनिवार-रविवारच्या सकाळी मुलीच्या फुटबॉल सामन्यांत जातात. क्लबची फी हजारो डॉलरची, आणि मनात आशा चांगल्या कॉलेजची. त्यातली एखादी उद्या घरी म्हणेल, मला कॉलेज सोडून क्लबकडून खेळायचंय. तिच्या आईबाबांना, आणि इथून फोनवर सल्ला देणाऱ्या आजी-आजोबांना, काका-मावश्यांना माझी विनंती आहे. ‘पदवीचं काय?’ हे जरूर विचारा. पण त्याआधी करार मागून घ्या आणि वाचा. किती वर्षांचा आहे, गुडघा गेला तर उपचार आणि पगार कोण देणार, राहिलेल्या शिक्षणाचा खर्च क्लब लिहून देतो का, प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार करायची तर कुणाकडे. शिक्षणाचा खर्च लिहिलेला नसेल तर तो लिहून घेतल्याशिवाय तिला सही करू देऊ नका. लिहिलेला असेल, तर निर्णय तिचा तिला घेऊ द्या.