पंचवीस श्वासांचे अर्थशास्त्र

खजिना शोधणाऱ्यास राक्षस, शाप, ज्वालामुखी अशा बाह्य शत्रूंचे भय दाखवण्याची कौटुंबिक पटखेळांची रीत जुनी असली, तरी ‘ऑइंक गेम्स’ या जपानी प्रकाशनसंस्थेने २०१४ मध्ये आणलेल्या ‘डीप सी ॲडव्हेंचर’ या खेळाने तो सर्व खर्च वाचवला आणि शत्रू म्हणून शेजारी बसलेले नातेवाईक पुरेसे आहेत, असे गृहीत धरले. जुन सासाकी व गोरो सासाकी यांनी रचलेल्या या खेळाची डबी तळहातावर मावते. तिच्यातून बाहेर पडणारे मतभेद मात्र दिवाणखान्यात मावत नाहीत.

खेळाची पूर्वपीठिका अशी की, दोन ते सहा पाणबुडे, म्हणजे समुद्राच्या तळाशी उतरून मौल्यवान वस्तू वर आणणारे लोक, खजिन्याच्या शोधात निघतात. परंतु सगळेच कफल्लक असल्यामुळे त्यांना वर्गणी काढून एकच पाणबुडी भाड्याने घ्यावी लागते आणि तिच्यातील हवेची टाकीही एकच असते. टाकीत २५ मात्रा हवा असते. रिकाम्या हाताचा पाणबुड्या हवा मुळीच वापरत नाही. मात्र खजिन्याची एक चकती उचलताच त्याच्या प्रत्येक पाळीला एक मात्रा, दोन उचलल्यास दोन, या हिशेबाने टाकी रिती होऊ लागते. शरीरशास्त्रास हा नियम मान्य होणार नाही, तथापि वारसाहक्काचे दावे चालवणाऱ्या वकिलास त्यात काही वावगे वाटणार नाही.

ज्याचा लाभ एकेकट्याने घ्यावा आणि ज्याची झीज सर्वांनी सोसावी, अशा साधनास सामायिक संसाधन म्हणतात. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये गायरानाचे उदाहरण घेऊन अशा साधनाचा नाश अटळ असल्याचे मांडले, तर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी, लोक परस्परांवर नजर ठेवून, नियम ठरवून आणि मोडणाऱ्यास दंड करून अशी साधने पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतात, हे प्रत्यक्ष पाहणीतून दाखवले व २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रस्तुत खेळात परस्परांवर नजर ठेवण्याची सोय विपुल आहे, किंबहुना तेवढेच चालते; दंडाची तरतूद नसल्याने ती उणीव टोमण्यांनी भरून काढली जाते, आणि टोमण्यांनी टाकी भरत नाही.

हवा संपण्याआधी पाणबुडीत परतणे भाग असते आणि हे परतीचे गणित याहून निष्ठुर आहे. फाशांवर १ ते ३ एवढेच आकडे असल्याने दोन फाशांची सरासरी बेरीज ४ येते आणि पडलेल्या दानातून हातातील चकत्यांची संख्या वजा जाता जे उरेल तेवढीच घरे सरकता येते. म्हणजे चार चकत्या बाळगणारा तीनांतून दोन वेळा जागचा हलतही नाही आणि प्रत्येक पाळीला सर्वांची चार मात्रा हवा संपवतो, तर सहा चकत्या बाळगणारा, दान कोणतेही पडो, समुद्राचा कायमचा रहिवासी होतो. बुडत्याचा पाय खोलात, या म्हणीस इतका काटेकोर आकडेवारीचा आधार क्वचितच लाभला असेल. रिकाम्या घरावर ओझे उतरवण्याची मुभा नियमांत आहे. तिचा उपयोग करण्याची सूचना प्रत्येक जण दुसऱ्यास करतो.

चकतीचे मोल पाणबुडीत परतेपर्यंत पाहता येत नाही. उथळ पाण्यातील चकत्या ० ते ३ गुणांच्या, तर सर्वांत खोल जागच्या १२ ते १५ गुणांच्या असतात. त्यामुळे लवकर माघारी फिरून, इतरांना संयमाचे महत्त्व समजावून, अखेर आपली एकुलती चकती उलटवून शून्याचे दर्शन घेणारा खेळाडू प्रत्येक कुटुंबात आढळतो. पाणबुडीच्या दाराशीच दोन-तीन हलक्या चकत्या उचलून संथपणे घुटमळत राहणारा, म्हणजेच खोल गेलेल्यांची हवा घरबसल्या संपवणारा खेळाडू मात्र खरा विद्वान समजला पाहिजे, आणि तो बहुधा घरातील सर्वांत लहान सदस्य असतो.

हवा संपताच जे बाहेर राहतात त्यांचा खजिना तीन-तीनच्या चळतींनी मार्गाच्या शेवटी जाऊन पडतो आणि पुढील फेरीत अशी प्रत्येक चळत एकाच चकतीएवढे ओझे मानली जाते, त्यामुळे एकदा बुडालेल्यास पुन्हा बुडण्याचे अधिक सबळ कारण मिळते. अशा तीन फेऱ्या होतात. नव्या फेरीची पहिली पाळी, नियमानुसार, मागील फेरीत पाणबुडीपासून सर्वांत दूर राहिलेल्याकडे जाते. तो ती अनुभवी माणसाच्या रुबाबात स्वीकारतो.