सोपेकाका

गोरेगाव पूर्वेला हायवे ओलांडून गोकुळधाम, दिंडोशीकडे गेलं की ज्या सोसायट्या जंगलाला पाठ लावून उभ्या आहेत, त्यांतल्या प्रत्येकीत एक थकबाकीदार असतो, एक तक्रारदार असतो आणि एक सोपेकाका असतात. आडनाव जोशी, परब, शेट्टी काहीही असू दे. बँकेतून निवृत्त, साखर आटोक्यात, गुडघे शाबूत, आणि रविवारी चार बिऱ्हाडं घराबाहेर काढल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही असे गृहस्थ. 'अगदी सोपा ट्रेक आहे हो, तुमच्या आईसुद्धा येतील!' या एका वाक्यावर त्यांनी निम्मी सोसायटी डोंगरावर चढवली आहे. नाव त्यावरूनच पडलं. ते त्यांना माहीत आहे आणि आवडतंही.

शुक्रवारी रात्री ग्रुपवर सूचना पडते. 'साडेपाच म्हणजे साडेपाच. पाणी दोन लिटर. बूट हवेतच, चपला चालणार नाहीत. खाऊ आणावा, तळलेला नको.' मंडळी सव्वासहाला जमतात, त्यांतले निम्मे सँडल घालून, आणि कुणाच्या तरी पिशवीतून बटाटेवड्यांचा वास येत असतो. काका पाचपासून गेटवर. पायांत अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट (डोंगरवाल्यांच्या जुन्या पिढीची या बुटांवरची निष्ठा कुठल्याही पक्षनिष्ठेपेक्षा जास्त टिकली आहे). अंगात यूथ हॉस्टेलच्या सारपास ट्रेकचा टीशर्ट. धुऊन धुऊन त्यातला सार गेलाय, पास तेवढा उरलाय. गळ्यात शिट्टी. डोकी मोजायची, शिट्टी मारायची, पुन्हा मोजायची. नाश्त्याच्या वेळी हमखास एक डोकं जास्त भरतं. आरेत फिरायला आलेले कुणी अनोळखी सद्गृहस्थ आपल्यात बसलेले असतात आणि ठेपले संपेपर्यंत आपण या लोकांबरोबर आलोच नव्हतो हे त्यांना आठवत नाही.

अंतर मोजायला काकांकडे एकच माप आहे: दहा मिनिटं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. काकांच्या हिशेबी दहा मिनिटं. ती संपली की एक वळण येतं आणि तिथून दहा मिनिटं. बस मिळते, पण ती दिसली की काका रस्त्याच्या कडेचं एखादं झाड दाखवायला सगळ्यांची तोंडं दुसरीकडे फिरवतात. 'बसनेच जायचं तर मग सोफा काय वाईट होता?'

कान्हेरीत 109 लेणी. तीन नंबरचं मोठं चैत्यगृह बघून सगळ्यांचं समाधान झालेलं असतं, पण काकांचा जीव लेण्यांपेक्षा लेण्यांशेजारच्या पाण्याच्या टाक्यांत. 'बघा, कातळात पन्हळ खोदून पावसाचं पाणी टाक्यात घेतलंय. इतकी शतकं झाली! आणि आपल्या बी विंगची टाकी? दर गुरुवारी ओव्हरफ्लो!' बी विंगवाले माना खाली घालतात. तेवढ्यात मागून एक माकड येऊन वड्यांची पिशवी घेऊन जातं. तळलेलं नको हा नियम माकडांपर्यंत पोचलेला नाही.

गोरेगावातच, फिल्मसिटीच्या अंगाला, बीएनएचएसचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. संस्था 1883 सालची, त्यामुळे तिथे काका आवाज खाली ठेवतात. पक्षी बघायचे तर पूर्ण शांतता पाहिजे, हे ते शिट्टी वाजवून सांगतात. तिकडे जाताना एकदा आमच्या मजल्यावरच्या आजींनी रस्त्यालगतच्या देवळापुढे चप्पल काढून हात जोडले. काका म्हणाले, 'आजी, सेट आहे तो. मालिकेचा.' आजी म्हणाल्या, 'असू दे. मालिकेतल्या सुनेला तरी पावतोय ना?' आणि प्रदक्षिणेला मागे काय आहे ते बघायला गेल्या. मागे बांबू होते.

पण काकांचं खरं राज्य आरे. दूध कॉलनी वसली 1949 साली, दारा खुरोडींच्या आखणीवर; आजींना अजून आरेच्या काचेच्या बाटल्या आणि केंद्रावरची रांग आठवते. बायकापोरांचा जीव छोटा काश्मीरवर. तिथेच सतरंजी टाकू, तळं आहे, झाडं आहेत, अजून काय हवं? काका दुखावतात. 'ती बाग झाली. आपण ट्रेकला आलोय.' मग गोठ्यांमागून, वारली पाड्यांच्या कडेने, गवतातून वाट. दोन फाटे आले की काका सगळ्यांना पाणी प्यायला बसवतात आणि स्वतः जरा पुढे जाऊन पाड्यावरच्या बाईला हळूच विचारतात, 'मावशी, वाट कुठली?' ती डोक्यावरचा भारा न उतरवता हनुवटीने दाखवते आणि 'हे काय, इथंच' म्हणून निघून जाते. पायांत तिच्या झिजलेल्या स्लिपर. काका परत येऊन गंभीरपणे सांगतात, 'पावसाने वाट जरा बदललीय.'

अशाच एका मावशीपाशी ट्रेकचा कळस होतो. जूनमध्ये ती शेवळं घेऊन बसलेली असते, जांभळट टोकांच्या जुड्या, सोबत खाज मारायला काकडं. मग चढ-उतार, दम, गुडघे सगळं विसरून बायका तिच्याभोवती बसतात. कोंब किती कोवळा, आतला पिवळा भाग काढायचा की ठेवायचा, कोलंबी घालायची की वाल. काका घड्याळ बघतात, शिट्टी वाजवतात. शिट्टीला कुणी विचारत नाही. ज्यांना चार पावलं उचलवत नव्हती त्या पाऊण तास उकिडव्या बसतात. मला विचाराल तर आरेची खरी माहिती त्या पाऊण तासात मिळते, पण हे काकांपाशी बोलायची सोय नाही.

बिबट्याचंही तसंच. काका ठसे दाखवतात, विष्ठा दाखवतात, झाडावरचे ओरखडे दाखवतात, वाघोबाच्या देवळापाशी सगळ्यांना बूट काढायला लावतात. एवढं करून बिबट्या त्यांनी पाहिलेला नाही. सोसायटीच्या वॉचमनने मात्र खुर्चीत बसल्याबसल्या पाहिलाय, आणि त्याचा पुरावा सीसीटीव्हीत आहे. काका त्या वॉचमनशी फारसं बोलत नाहीत.

4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा काका जेवणाच्या ताटावरून उठून नाक्यावर गेले. सोसायटीतली बरीच माणसं मागोमाग गेली. दोन हजारांवर झाडं पडली. त्या रात्री काकांच्या गळ्यात शिट्टी होती, पण वाजवली नाही, असं त्यांच्याबरोबर गेलेले सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात ते मुलीकडे इंग्लंडात स्लावला जाऊन आले आणि तेव्हापासून बिनसलंय. तिथून जवळच चिल्टर्नच्या टेकड्या, भाताच्या मुदी मांडाव्यात तशा, वर बीचची दाट झाडी. रविवारी सगळा गाव पोराबाळांसकट चालायला बाहेर. सर्वांत उंच माथा 267 मीटर; काकांनी विचारलं, डोंगर कधी येणार? घारी दाखवल्या. तांबड्या घारी तिथून नामशेष झाल्या होत्या, 1989 पासून स्पेनमधून आणून पुन्हा वसवल्या. काका म्हणाले, 'आमच्या देवनारला या, हव्या तेवढ्या घेऊन जा.' पण मनाला लागलं ते वेगळंच. पायवाटेवर जागोजागी खांब आणि खांबांवर पिवळे बाण. एक संपला की दुसरा. हरवायची सोयच नाही. लहान मुलं पुढे, कुत्री मागे, आईबाप गप्पा मारत मध्ये, आणि डोकी कुणीच मोजत नाही. चाल संपते तिथे पब. 'मग लीडरने करायचं काय?' हे त्यांनी मुलीला विचारलं आणि मुलीने त्यांच्यासाठी चिप्स मागवल्या.

एक गोष्ट मात्र त्यांना पसंत पडली. तिथली पायवाट शेतकऱ्याच्या शेतातून जात असली तरी त्याला ती अडवता येत नाही. वहिवाटीचा हक्क. कुंपणाला फाटक ठेवावं लागतं आणि लोक बिनदिक्कत जातात. परतल्यावर काकांनी पिवळ्या रंगाचा डबा आणला. जंगलात बाण रंगवणं वनखात्याला चालणार नाही, ते त्यांनाही चालणार नाही, म्हणून त्यांनी सोसायटीच्या आवारात बाण काढले. गेटापासून बागेकडे, बागेतून पंपरूमला वळसा आणि तिथून सरळ सी विंगच्या एका सभासदाच्या पार्किंगमधून. गेली कित्येक वर्षं आपण सगळे इथूनच जातो, तेव्हा ही वहिवाट आहे आणि गाडी उभी करायची तर फाटक ठेवून करावी, असं काकांचं म्हणणं. सभासदाने रीतसर पत्र दिलं आहे. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे, लिफ्टच्या दुरुस्तीनंतर आणि बी विंगच्या टाकीच्या आधी.