सिमेंटरावांस अनावृत पत्र

अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री सिमेंटराव पोर्टलँडकर गोसावी यांसी,

सेवक आम्ही रविवारचे घमेलेकरी, कृतानेक दंडवत विनंती उपरी. येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे. विशेष.

आपलं कुशल खरं तर विचारायलाच नको, ते गावोगाव दिसतंच. देवळाच्या ओट्यावर आपण, गडाच्या तटात आपण, बारवेच्या काठावर आपण. ग्रामपंचायतीत सत्ता कोणत्याही पॅनेलची येवो, आपली निवड बिनविरोध होते. 1824 साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं आपलं पेटंट घेतलं, तेव्हा इकडे पेशवाई बुडूनही सहा वर्षं उलटली होती. म्हणजे रायगड, राजगड, सिंधुदुर्ग हे सगळे बिचारे आपला जन्म होण्याआधीच बांधून झाले. त्यांच्या नशिबातली ही उणीव भरून काढण्याचं काम आपण गेली काही दशकं अंगावर घेतलं आहे. त्याबद्दल आभार मानावेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी आमची ओळख. शनिवारी रात्री निघून गडाच्या पायथ्याच्या देवळात पथारी टाकणारी आम्ही मंडळी. कोणी बँकेत, कोणी कंपनीत, कोणी शाळेत शिकवणारं, कोणी अजून जाहिराती बघत अर्ज करणारं. सकाळी गड चढायचा, पाण्याच्या टाक्यात उतरायचं, गाळ घमेल्यात भरायचा आणि रांग करून हातोहात वर द्यायचा. गाळात पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पुड्या निघतात. एखाद्या रविवारी घडीव दगड निघतो. मग सगळं काम थांबतं. तो कुठे, कसा, कोणत्या तोंडानं पडला होता, याचा फोटो काढायचा, माप घ्यायचं, वहीत लिहायचं आणि मगच त्याला हात लावायचा. खिशात खात्याचं परवानगीपत्र असतं, म्हणजे असायला हवं. गड केंद्राच्या यादीत आहे, राज्याच्या यादीत आहे, वनखात्याच्या हद्दीत आहे की कोणाच्याच नाही, याचा उलगडा होईपर्यंत बहुतेक वेळा पाऊस सुरू होतो. मग काम बंद.

अशा गतीनं एक टाकं मोकळं व्हायला आमचा अख्खा हिवाळा जातो. आपण दोन दिवसांत बुरूज गुळगुळीत करून तिसऱ्या दिवशी सत्काराला हजर. आमचा हेवा समजून घ्यावा.

आपली बलस्थानं आम्ही जाणतो. अठ्ठावीस दिवसांत आपण ठरलेली ताकद गाठता, ती पिशवीवर 53 ग्रेड अशी छापलेली असते. आणि आपल्या आधी जो या कामावर होता, तो चुना? त्याचे नखरेच फार. चुनखडी भट्टीत भाजा, कळीचा चुना पाण्यात विझवा, मुरत ठेवा, वाळू आणि विटांची भुकटी घालून घाणीत मळा. त्यातही गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळ असं गावागणिक काहीबाही घालायचं. अनेक गडांवर ती घाणी अजून दिसते: गोल चर, त्यात उभं दगडी चाक आणि चाक फिरवायला बैल. एवढं करून भिंतीत गेल्यावरही हा गडी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत वर्षानुवर्षं सावकाश दगड होत राहतो. मार्चअखेरच्या बिलात हे बसवायचं कसं?

शिवाय चुन्याला एक वाईट खोड आहे, तो पाण्याला वाट देतो. सह्याद्रीत चार महिने पाऊस कोसळतो. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यांतून पुन्हा बाहेर पडतं, झिजायचं ते सांधे झिजतात आणि दगड शाबूत राहतात. आपलं तसं नाही. आपण सांधे असे घट्ट बंद करता की वरून शिरलेल्या पाण्याला पुढून निघायला फटच उरत नाही. मग आतला भराव फुगतो, भिंत पोट काढते, विटांना लोणा लागतो, कोकणातल्या जांभ्याचे तर पापुद्रे सुटतात. आपण मात्र जागचे हलत नाही. दगड फुटतो, पण त्याला लावलेला गिलावा तसाच राहतो. एवढी निष्ठा हल्ली पाहायला मिळत नाही.

सिंधुदुर्गावर शिवछत्रपतींच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जो ठसा दाखवतात, तो चुन्यात उमटलेला आहे. किल्ल्याचं काम 1664 साली सुरू झालं. इतकी वर्षं भोवती खारा वारा आणि समुद्र असूनही ठसा अजून ओळखू येतो. आपल्यातही ठसे उमटतात, नाही असं नाही. गावच्या नव्या ओट्यावर कुत्र्याच्या पावलांचे दोन-चार आम्ही स्वतः पाहिले आहेत.

आपल्या भावंडांचाही इथे आदरानं उल्लेख केला पाहिजे. थोरले ऑइल पेंट. कोरीव खांबांच्या जुन्या देवळाला पोपटी, खालून चॉकलेटी, कळसाला सोनेरी असं सजवून त्यांनी छिन्नीच्या रेषा कायमच्या बुजवल्या. वीरगळांना चंदेरी रंग देऊन गावात शोभा आणली. मधल्या ग्रॅनाइटताई. गाभाऱ्यात त्या आल्या की पायाखालची जुनी फरशी, आणि तिच्यावर कोणी काही कोरलं असेल तर तेही, कायमचं दृष्टीआड. देणगीदारांच्या नावांची पाटी त्यांच्याच अंगावर कोरली जाते, ती मूर्तीपेक्षा हातभर मोठी. आणि धाकटे लॅमिनेशन. आजोबांच्या पेटीत मोडी कागद सापडला की घरातला हौशी मुलगा त्याला तालुक्याला नेऊन गरम प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणतो. कागद आत गुदमरतो, पण दिवाणखान्यात दिसतो झकास.

या धाकट्या बंधूंवरून आठवण झाली. घमेलेकऱ्यांचे मूळपुरुष कोण म्हणाल, तर वि. का. राजवाडे. ना पगार ना खातं, गावोगाव हिंडून, माळ्यावरची दप्तरं उतरवून, मालकांच्या विनवण्या करून त्यांनी कागद मिळवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला. पुण्यात 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, तेही अशाच माणसांच्या हट्टातून. मिरजेकडे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तराचे कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. त्यांच्या वेळी गावात लॅमिनेशनचं दुकान नव्हतं, हे महाराष्ट्राचं भाग्य.

दगडांचं नशीब कागदांइतकं चांगलं कधीच नव्हतं. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक, तो वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभा होता. किती वीरगळांवर आजही धुणं आपटलं जातं, किती गोठ्यांच्या पायऱ्यांत आहेत, याची मोजदाद गावोगावची पोरं वही घेऊन करत असतात. ज्या लढाईत तो वीर पडला ती कोणाला आठवत नाही, पण गावातली एखादी आजी अजून त्याला कुंकू लावते, आणि का लावते हे तिलाच विचारावं लागतं. तेही काम आमच्याकडेच आहे. त्याचं टेंडर निघत नाही.

आता आपण जिंकता कसे, हे कबूल करतो, कारण ते आमच्या टीकेपेक्षा मोठं आहे. निधी मंजूर होतो पावसाळ्यानंतर आणि खर्चायचा असतो 31 मार्चच्या आत. अंदाजपत्रक करणाऱ्याला दरसूचीत आपण पानोपानी भेटता, चुन्याची बाब शोधावी लागते. निविदा सर्वांत कमी दराची. गवंड्याला आपलीच सवय. चुना मळणारी पिढी थकली, तिच्या मुलांना कोणी काम दिलं नाही, म्हणून ती मुलंही आपल्याच सेवेत रुजू झाली. आणि देणगीदाराला हवं असतं चकचकीत. जुनं जुनंच दिसत राहिलं, तर पैसे गेले कुठे, असं तो विचारणार. यात दुष्ट असा कोणीच नाही. सगळे आपापल्या परीनं पुण्य करत असतात आणि बुरूज जातो.

कायदाही आहे. राष्ट्रीय स्मारकाजवळ निळा फलक असतो: 1958 चा कायदा, नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बदाम काढून आत नाव कोरणाऱ्या प्रेमवीरासाठी तो पुरेसा आहे. पण हातात नारळ आणि गळ्यात हार घेऊन येणाऱ्या नासधुशीला अडवायचं कोणी? आणि ज्या हजारो देवळांवर, बारवांवर, वाड्यांवर निळा फलकच नाही, तिथे तर आपलं निर्वेध राज्य. पुण्याच्या भिडे वाड्यात 1 जानेवारी 1848 रोजी सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. तो वाडा स्मारक व्हावा यावर सगळ्यांचं एकमत होतं. कोर्टातला वाद वर्षानुवर्षं चालला, वाडा मोडकळीला आला आणि डिसेंबर 2023 मध्ये स्मारकाला जागा व्हावी म्हणून तो पाडावाच लागला. आता तिथे नवं बांधकाम येईल. आपल्याला निमंत्रण असेलच.

आमच्यातही आपले चाहते आहेत, हे लपवत नाही. तारेच्या ब्रशनं शिलालेख घासून ‘स्वच्छ’ करणारे, तटातला पिंपळ मुळासकट उपटायला जाऊन त्याच्यासोबत चार दगड खाली आणणारे, सापडलेली मूर्ती त्याच दिवशी शेंदूर लावून पूजेला बसवणारे. त्यांच्या कामाचा व्हिडिओ छान होतो. गाळाच्या वहीचा होत नाही. उत्साह आणि आपण यांचं सूत लवकर जमतं, कारण दोघांनाही थांबता येत नाही.

भांडण एवढंच आहे, सिमेंटराव. माणसाच्या हातून चूक होणार, आमच्याही आणि तज्ज्ञांच्याही. म्हणून जे करायचं ते असं करावं, की करणाऱ्यापेक्षा शहाणा कोणी पुढे आला तर त्याला ते काढता यावं. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर 2022 साली तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवला आणि आतलं मूळ रूप लोकांना दिसलं. शेंदराच्या एवढ्या जाड थरानं परतीची वाट ठेवली होती. चुनाही ठेवतो, खरवडला की दगड जसाच्या तसा. आपल्याला काढायचं तर छिन्नी लागते, आणि छिन्नीला आपण कुठे संपता आणि दगड कुठे सुरू होतो, हे कळत नाही. आपण चूक दुरुस्त होऊ देत नाही. एवढा एकच दोष.

‘पण जुन्या पद्धतीनं आता होतच नाही हो,’ असं आपले वकील प्रत्येक सभेत म्हणतात. होतं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली उघडलं आणि पुढे त्याची रया गेली. महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले, कारागीर शोधले, वर्षं लागली. 2005 साली त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिकडे परभणी जिल्ह्यात वालूरच्या गावकऱ्यांनी आपली चक्राकार बारव गाळ उपसून मोकळी केली. पहिल्या कामाला पैसा होता, दुसऱ्याला हात होते. दोन्हीकडे घाई नव्हती.

आता धास्ती वेगळीच आहे. जुलै 2025 मध्ये साल्हेरपासून जिंजीपर्यंत बारा किल्ले मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून जागतिक वारसा यादीत गेले. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मनात आलं, आता निधी येणार, आणि निधीच्या पाठोपाठ आपण. त्या बारांवर जगाचा डोळा राहील, तिथे आपण जरा जपून वागाल. पण यादीबाहेरच्या शेकडो गडांवर, ‘आपलाही गड तसाच नवा दिसू दे’ म्हणणारे आपल्यालाच हाक मारतील.

म्हणून पत्र आपल्या नावे असलं, तरी शेवटचं मागणं वाचकांकडे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी गावात ग्रामसभा असते. जीर्णोद्धाराचा, सुशोभीकरणाचा, बारवेवर स्लॅब टाकण्याचा ठराव बहुधा तिथेच टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. त्या दिवशी जा. वर्गणीला नाही म्हणू नका, भांडू नका, उठून एवढंच विचारा: ‘उद्या हे काढायचं ठरलं, तर दगडाला धक्का न लावता काढता येईल का?’ उत्तर नाही असं आलं, तर काम थांबवून पुरातत्त्व खात्याला पत्र लिहायचा ठराव मांडा. आणि तुमचा प्रश्न इतिवृत्तात शब्दशः लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.

बहुत काय लिहिणे? आपण सुज्ञ असा.

आपले,
रविवारचे घमेलेकरी

ता. क. : नव्या शाळेच्या इमारतीला, धरणाला, पुलाला आपण अवश्य यावं. तिथे आपल्याशिवाय आमचं पान हलत नाही.