पेशकारसाहेबांचा कलप

काचीगुडा, बडी चावडी, गौळीगुडा आणि सुलतान बाजार या चतुःसीमेच्या आत ज्यांचे बालपण, शिक्षण, विवाह आणि नोकरी ही चारही प्रकरणे यथाक्रम निकालात निघाली, विवेकवर्धिनीच्या बाकांवर ज्यांनी मराठी गिरवली आणि त्याच वयात उर्दूत अर्जी लिहिण्याचा हातही बसवला, अशा हैदराबादी महाराष्ट्रीय गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग होता व त्याचे तुरळक अवशेष अद्यापही दृष्टीस पडतात. त्यांतील कोणी अहलकार असे, कोणी मुन्तजिम, कोणी मददगार. आमच्या गल्लीत होते ते पेशकार. मूळचे नाव त्यांना होते, परंतु ते केवळ मुंजीच्या व लग्नाच्या पत्रिकांपुरते वापरात आले असावे. या वर्गातील पुरुष पन्नाशीच्या आसपास पोचला की, ज्या एका कृत्याचे वर्णन त्याच्या हुद्द्याच्या कर्तव्यांत कोठेही आढळत नाही असे कृत्य त्याच्या हातून एखाद्या रविवारी दार लावून घडत असे, आणि सोमवारी तो काळ्या केसांनी कचेरीत हजर होत असे.

पेशकारसाहेबांना केवळ नटण्याची हौस होती, असा कोणी ग्रह करून घेईल तर तो त्यांच्यावर अन्याय ठरेल. केस पांढरे होतात ते वयामुळे. परंतु ते चारचौघांच्या नजरेस पडतात ते राज्यव्यवस्थेमुळे, हे हैदराबादेत राहिल्यावाचून उमगत नाही. निजामाच्या अमदानीत सरकारी नोकराचे डोके ही झाकून ठेवण्याची वस्तू होती. दरबारात दस्तार आणि कमरेला बगलूस, कचेरीत शेरवानीवर रुमी टोपी, असा तो शिरस्ता. त्यामुळे टोपीखाली काय पिकले आणि काय गळाले याची वार्ता न्हाव्याखेरीज व धर्मपत्नीखेरीज कोणास नसे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, अवघ्या पाच दिवसांत संस्थानाचा कारभार पालटला, आणि इतिहासकारांनी ज्याची नोंद घेतलेली नाही असा एक परिणाम पाठोपाठ घडून आला: शहरातील सहस्रावधी टोप्या ट्रंकेत गेल्या व तितकीच डोकी उघडी पडली. पेशकारसाहेबांना स्वतःचे केस त्या वर्षी बऱ्याच काळानंतर दिवसाउजेडी दिसले. ते करडे होते.

करड्यावर त्यांनी काही वर्षे निभावून नेले. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात गेले, निम्मे आप्तेष्ट त्यांच्यासमवेत गेले, आणि आंध्र राज्याची कर्नूलची राजधानी आपल्या मिसली, कपाटे व तरुण अधिकारी यांच्यासह हैदराबादेत दाखल झाली. नव्या मंडळींचे इंग्रजी अस्खलित, तेलुगू त्याहून अस्खलित, आणि केस निर्विवाद काळे. ज्या उर्दू शिकस्त लिपीच्या बळावर पेशकारसाहेबांनी तीस वर्षे आपले स्थान अढळ राखले होते, तिची कचेरीतील गरज दिवसागणिक घटत चालली. ज्येष्ठतेच्या याद्या नव्याने होऊ लागल्या. कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या खाली यावर खल चालू झाला. राज्य, भाषा, नाणे, सन, टोपी यांपैकी एकही बाब ज्याच्या इच्छेनुसार राहिली नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या अखत्यारीत उरलेली एकमेव मिळकत त्याच्या डोक्यावर होती. तिचा रंग बदलण्यास सरकारची पूर्वमंजुरी लागत नाही याची खात्री त्यांनी, माझा असा अंदाज आहे की, नियमावली चाळून करून घेतली असावी.

वयाच्या बाबतीत त्यांना फसली सनाचाही आधार होता. जन्माची नोंद फसलीत. ती इसवीत आणताना ५९० मिळवावयाचे की ५९१, हे महिन्यावर अवलंबून असल्यामुळे एका वर्षाची सवलत या वर्गातील पुरुष नेहमी आपल्या बाजूने घेत असत. मात्र या सवलतीवर पाणी फिरवणारी एक सवय त्यांना होती. हैदराबादेत जुनी माणसे वय वर्षांनी मोजत नसत, तुग्यानीने मोजत. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला आलेला तो महापूर पेशकारसाहेबांनी पाच वर्षांचे असताना वडिलांच्या खांद्यावरून पाहिला होता. अफजलगंजच्या ज्या चिंचेच्या झाडावर दीडशे माणसे जीव मुठीत धरून बसली व वाचली असे सांगतात, त्या झाडाची हकिकत निघाली की ते स्वतः फांदीवर असल्याच्या आविर्भावात बोलू लागत. विषय गव्हाच्या भावाचा असो की पावसाचा, तिसऱ्या वाक्याला मुसीला पूर येई, आणि ऐकणारा मनातल्या मनात वजाबाकी करी.

असो. साहित्याची खरेदी हा या कामातला सर्वांत जोखमीचा टप्पा. काचीगुड्यात ज्या दुकानात आपल्या घरचा हिंग जातो तेथे कलप मागणे म्हणजे ती गोष्ट जरीद्यात, अर्थात सरकारी राजपत्रात, प्रसिद्ध करण्यासारखेच. आबिदच्या बड्या दुकानांतून विलायती धर्तीच्या दोन बाटल्यांचा रंग मिळे. १९०७ च्या सुमारास पॅरिसमध्ये यूजीन श्यूलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम कलप बनवून जो मार्ग पाडला, त्याच मार्गावरचा हा माल: एका बाटलीतले रंगद्रव्य, दुसरीतले हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि दोहोंच्या संयोगाने केसाच्या आत तयार होणारा काळिमा. परंतु अशा कलपातील पॅराफेनिलिनडायमीन एखाद्याच्या कातडीस मानवत नाही. कानामागे थेंब लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी असा दंडक त्यासाठीच आहे. तो न पाळल्यामुळे एका परिचितांचे डोळे सुजून त्यांना आठवडाभर रजा घ्यावी लागली, आणि रजेच्या अर्जात कारण काय लिहावे हा पेच पडला, हे पेशकारसाहेबांनी पाहिले होते. कारण लिहिता येणार नाही असा आजार ते पत्करणे शक्य नव्हते.

तेव्हा मुसी ओलांडून, चारमिनारच्या वाटेवर पत्थरगट्टीत, जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही असा त्यांचा समज होता तेथे ते एका अत्ताराकडे गेले आणि इकडेतिकडे पाहत, एका मित्रासाठी म्हणून, विचारणा केली. अत्ताराने त्या मित्राच्या पांढऱ्या कानशिलांकडे क्षणभर निरखून पाहिले व दोन पुड्या बांधल्या. एक मेंदीची, दुसरी वस्म्याची, म्हणजे नीळ ज्या झुडपापासून होते त्याच्या पानांच्या चूर्णाची. "साब, पैले मेंदी, बाद में वस्मा. उल्टा करिंगे तो बालां हरे हो जातें." मेंदीने केस आधी तांबडे होतात, त्या तांबड्यावर निळीचा थर चढला की काळा रंग उमटतो, आणि तोही हवेशी संयोग होत होत एकदोन दिवसांत गडद होतो, इतका विस्तार अत्ताराने केला. पेशकारसाहेबांनी टिपण घेतले. मधल्या तांबड्या अवस्थेचा कालावधी किती, हा प्रश्न मात्र विचारावयाचा राहिला.

शनिवारी रात्री चहाच्या काढ्यात कालवलेली मेंदी लोखंडी कढईत भिजत पडली. कढई कोणाची, हे सांगावयास नको.

"कढई कुणाला विचारून नेलीत?"

"रात्रीपुरती."

"रात्रीपुरती! उद्या त्यात वांगी परतली तर पोरांच्या दातांना कलप होईल, अहो."

पेशकारीणबाईंचा विरोध एवढाच. नवऱ्याच्या केसांविषयी त्यांनी मत दिले नाही. या घराण्यातील स्त्रिया कढईसारख्या ठोस बाबींपुरतेच मतप्रदर्शन करीत.

रविवारी सकाळी जुना बनियन, मानेभोवती पंचा, जमिनीवर वर्तमानपत्र, हातात दाढीचा निकामी ब्रश आणि समोर खिडकीच्या गजाला टेकवलेला आरसा, अशा सिद्धतेने ते न्हाणीघरात बसले. मेंदी माखली, तीवर एरंडाची पाने बांधली, तीन तास तसेच बसून काढले, बंबाच्या पाण्याने डोके धुतले आणि आरशात पाहिले तो भगव्या केसांचा एक वयोवृद्ध इसम त्यांच्याकडे रोखून पाहत होता. दुसरी पुडी कोमट पाण्यात कालवावयाची व दहा-पंधरा मिनिटे झाली की लगेच लावावयाची, कारण ती शिळी झाली की रंग धरत नाही. कालवली. टाळूवर निम्मी लावून झाली, कानशिले व मिशा उरल्या, इतक्यात बाहेरून हाक आली, "पेशकारसाहेब, आहात का?" गणेशोत्सवाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन एक गृहस्थ दारात उभे होते, आणि घरातील धाकट्याने "आहेत" असे सांगूनही टाकले होते.

डोक्यावर काय घालावे? पागोटे वापरण्याची रीत घरातून केव्हाच उठली होती. पंच्याला निळे डाग. ट्रंक उघडली गेली आणि नऊ वर्षांच्या अज्ञातवासानंतर रुमी टोपी डांबराच्या गोळ्यांच्या वासासह पेशकारसाहेबांच्या मस्तकी विराजमान झाली. बनियन, पंचा आणि गोंडेदार लाल टोपी अशा पोशाखात ते बैठकीत आले व सर्दीचे निमित्त सांगू लागले. पाहुणे चकित झाले, मग गंभीर झाले. त्यांनी चहा घेतला, वर्गणी घेतली, आणि आपण काही पाहिलेच नाही अशी मुद्रा धारण करून पाऊण तास देशाच्या भवितव्याविषयी बोलले. सायंकाळपर्यंत गौळीगुड्यापासून सुलतान बाजारापर्यंत बातमी फिरली की पेशकारसाहेब मनाने अजून निजामशाहीतच आहेत आणि सुटीच्या दिवशी घरात टोपी घालून बसतात. या प्रवादाचे खंडन एका वाक्यात करता आले असते; परंतु ते वाक्य उच्चारण्यापेक्षा त्यांनी राजनिष्ठेचा आरोप सहन करणे पसंत केले.

उरलेला वस्मा तोवर फुकट गेला होता. सोमवारी कचेरीत ते पोचले तेव्हा टाळू काळसर हिरवी, कानशिले भगवी आणि मिशा शुभ्र होत्या. कर्नूलहून आलेल्या वरिष्ठांनी सभ्यपणे फाइलीत डोके घातले. म्हातारा चपराशी मात्र हैदराबादचा. पाण्याचा पेला ठेवताना तो कनवाळूपणाने म्हणाला, "साब, मेंदी तो बहुत अच्छी चढी, मगर आधी कायकू?"

पुढच्या रविवारी काम पुरे झाले. पाठोपाठ या विषयातील अधिकारही त्यांच्याकडे चालून आला. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे पंधरवड्यात मुळाशी पांढरी रेघ उमटते, हे गणित त्यांनी पंचांगाशेजारी टांगले. चाळिशी उलटलेले कारकून संध्याकाळी 'सहज' म्हणून येऊ लागले. त्यांना ते चटईवर बसवून कढई, पाने, प्रमाण आणि पाहुण्यांचा बंदोबस्त अशी कलमवार तालीम देत. लोखंडी कढई आता माळ्यावर होती व घरात नवी आली होती. मिशांविषयी त्यांचा सल्ला असा की, त्यांना आधी हात घालावा, कारण माणूस बोलतो तेव्हा समोरचा तेथेच पाहतो.

यथाकाल पंचावन्नावे वर्ष सरकारी हिशेबाने पुरे झाले, फसलीची सवलत कोणी मान्य केली नाही, आणि पेशकारसाहेब पहिले पेन्शन घेण्यास खजिन्यात गेले. कागदांवरची तसबीर मात्र कलपपूर्व काळातील, हुलियाच्या रकान्यात 'बाल सफेद' असा स्पष्ट शेरा. खिडकीपलीकडचा तरुण कारकून तसबिरीकडे व त्यांच्याकडे आळीपाळीने पाहू लागला. हे पेन्शनरचे धाकटे बंधू तर नव्हेत, असा त्याला रास्त संशय आला. शनाख्तीसाठी दोन साक्षीदार आणा, असे त्याने फर्मावले. "साक्षीदार कसले आणता?" पेशकारसाहेब खवळले. "अहो, तुग्यानी आली तेव्हा मी वडिलांच्या खांद्यावर होतो! अफजलगंजला पाणी चढले तेव्हा त्या चिंचेवर..." रांगेतील मंडळी खाली बसली. दीडशेपैकी चाळीसेक माणसे झाडावर चढून झाली असतील नसतील, तोच कारकुनाने घाईघाईने शिक्का मारला आणि नोटा खिडकीबाहेर सरकवल्या.

"बस साब, बस. आपिच हैं."