रिव्हॉल्व्हरचं गोत्र

बनारसच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून बिंदुमाधवाकडे वळलेल्या मराठी माणसाला अण्णा गाठतातच. अण्णा हा एक माणूस नव्हे, तो वर्ग आहे. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी, अर्धा वाडा भाडेकरूंच्या ताब्यात आणि उरलेला अर्धा पूर्वजांच्या. अशा प्रत्येक अण्णांपाशी ट्रंकेत एक ऐतिहासिक वस्तू असते. कुणाकडे नाना फडणविसांची दौत, कुणाकडे अहिल्याबाईंचं पळी-पंचपात्र. आमच्या अण्णांकडे रिव्हॉल्व्हर आहे. गंजलेलं, चाप अडकलेला, कुठल्याही कारखान्याचं नाव नसलेलं.

ते कुणाचं, हे अण्णा लगेच सांगत नाहीत. आधी पान जमवतात आणि मग विचारतात, "आपण मूळचे कुठले?"

इथेच सगळी मेख आहे. अण्णांचे वाडवडील क्षेत्रोपाध्ये. यात्रेकरूचं गाव आणि आडनाव विचारायचं, चोपडी उघडायची आणि त्याच्या पणजोबांची सही दाखवायची, हा घराण्याचा धंदा. अण्णांनी धंदा सोडला, पण रीत सोडली नाही. वस्तूचं गोत्र ते पाहुण्याच्या गावावरून ठरवतात. पाहुणा पुण्याचा असेल तर रिव्हॉल्व्हर चापेकरांचं, २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेलं. नाशिकचा असेल तर अनंत कान्हेऱ्यांचं. ग्वाल्हेर-झाशीकडचा निघाला की अण्णांचा आवाज भरून येतो, कारण मग ते साक्षात राणीचं असतं.

यात अण्णांना फार दोष देता येत नाही. औरंगजेबाच्या मशिदीच्या मिनारांना ज्या घाटावर लोक पिढ्यान्‌पिढ्या 'माधवराव का धरहरा' म्हणत आले, तिथे एका रिव्हॉल्व्हरला मालक मिळायला कितीसा वेळ लागणार!

एका कार्तिकात, आकाशदिव्यांच्या गर्दीत, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. गाव विचारताच ते म्हणाले, "गावाचं राहू द्या अण्णा, वस्तू दाखवा." अण्णांच्या आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी नाइलाजाने ट्रंक उघडली.

गृहस्थांनी चष्मा पुसला आणि नाव शोधायच्या भानगडीत न पडता सहा घरांच्या चक्रीची मागची बाजू पाहिली. "राणीसाहेबांच्या काळातलं असतं, तर इथे प्रत्येक घरामागे बत्तीची टोपी बसवायचं बोंडूक असतं. तेव्हाच्या कोल्ट किंवा अ‍ॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरात दारू आणि गोळी पुढून ठासायची. इथे घर आरपार आहे, म्हणजे मागून काडतूस घालायचं. घोड्याचं टोक बरोबर मधोमध ठोकतंय. ही पद्धत रुळली ती १८५७ च्या धामधुमीनंतर."

"मग कान्हेऱ्यांचं," अण्णा लगेच म्हणाले.

"त्यांचं ब्राउनिंग पिस्तूल होतं. त्याला चक्रीच नसते, काडतुसं मुठीत असतात."

अण्णांनी पानाची पिंक टाकायचं निमित्त काढून थोडा वेळ मिळवला. तोवर गृहस्थांनी चक्रीवर खोबरेल चोळलं. गंजाखालून एक लांबट वर्तुळ दिसू लागलं, त्यात रोमन लिपीत ई, एल, जी ही तीन अक्षरं आणि डोक्यावर मुकुट. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या सरकारी चाचणीचा तो शिक्का. तिथल्या लहान-लहान कारागिरांनी इंग्रजी आणि अमेरिकी नमुन्यांच्या असंख्य नकला केल्या, कित्येकांवर नाव घातलंच नाही. पण चाचणीचा शिक्का चुकवता येत नसे. तो मुकुट आला १८९३ मध्ये. त्याआधीचं हे असूच शकत नाही.

सगळे गप्प झाले. अण्णांनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "१८९३ नंतरचं म्हणजे १८९७ ला हजर होतं! चापेकरांचंच, मी म्हणत नव्हतो?" आणि मग हळूच, "तुम्ही पुण्याकडचेच ना?"

मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. खेडचे शिवराम हरी राजगुरू संस्कृत शिकायला बनारसला येऊन राहिले होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे गदरच्या उठावासाठी रासबिहारी बोसांना भेटायला याच शहरात आले, आणि मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले. मराठी क्रांतिकारकांची पावलं या गल्ल्यांना खरोखर लागली आहेत. पण खेडचा किंवा तळेगावचा पाहुणा क्वचित येतो, म्हणून अण्णांच्या कथेत या दोघांची पाळी येत नाही.

परवान्याचं विचारलं, की अण्णा १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम ४५ संकल्पाच्या चालीवर म्हणून दाखवतात: दुरुस्त करूनही चालू शकणार नाही, अशा जुन्या हत्याराला हा कायदा लागू नाही. चाप अडकलेला ठेवण्यात अण्णांची दूरदृष्टी आहे. गृहस्थांनी लावलेलं खोबरेलही त्यांनी ते जाताच धोतराने पुसून टाकलं.

तेव्हा पंचगंगेला गेलात तर बिंदुमाधवाचं दर्शन घ्या, अण्णांचं पानही खा. फक्त गाव विचारलं तर आधी रिव्हॉल्व्हर कुणाचं ते विचारा, मग सांगा.